झोपलेलं मूल, जागं आतडं

“कमरेत सुई नको हो डॉक्टर. माझ्या सीझरला दिली होती, अजून कंबर धरते.”

मुलाच्या पोटाच्या ऑपरेशनाच्या आदल्या दिवशी आईला भूल समजावून सांगायला बसलं, की हे वाक्य येतंच. मग ती आई लालबागच्या चाळीतली असो, नाहीतर रात्रीच्या गाडीनं दादरला उतरून, बाळाला टॉवेलात गुंडाळून थेट परळ गाठलेली असो. तिच्या मागे उभी असलेली आजी बहुधा गप्प असते, पण बोलली तर नेमकं बोलते: “तुम्ही त्याला पुरता झोपवणारच आहात ना? मग वर कमरेत आणखी कशाला टोचता?”

आईच्या शंकेला उत्तर आहे. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींची कंबर दुखते, कमरेत भूल घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांचीही. वर्षानुवर्षं टिकणाऱ्या दुखण्याचा दोष त्या सुईवर टाकावा असं अभ्यासांतून निघालेलं नाही. आजीचा प्रश्न मात्र अवघड आहे. मुलांच्या आतड्यांच्या शस्त्रक्रियेत पूर्ण भूल आणि कमरेतली भूल जोडीनं का द्यायची, किती द्यायची, कुणाला देऊ नये, यावर भूलतज्ज्ञ गेली चाळीसेक वर्षं एकमेकांशी भांडताहेत. मी त्या भांडणातलीच एक आहे, तेव्हा पुढचं सगळं अगदी तटस्थपणे लिहिलेलं असेल अशी अपेक्षा वाचकानं ठेवू नये.

हे भांडण परळमध्ये बसून मांडणं सोयीचं. १९२६ मध्ये इथं केईएम रुग्णालय सुरू झालं आणि त्याच वर्षी शेजारी नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह. १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आलं, १९४१ मध्ये टाटा मेमोरियल. गिरण्यांचे भोंगे बंद झाले, चाळींच्या जागी टॉवर आले, पण आचार्य दोंदे मार्ग ते अर्नेस्ट बोर्जेस मार्ग या दहा मिनिटांच्या पायवाटेत अजूनही महाराष्ट्रभरची पोरं पोटाचं दुखणं घेऊन येतात. कुणाला जन्मतःच शीची जागा नाही, कुणाचं आतडं मधेच बंद, कुणाच्या आतड्यात आतडं शिरलेलं, कुणाच्या पोटात गाठ. डिसेंबर २०१७ मध्ये वाडियात यकृत, आतडी आणि मूत्राशय जोडलेल्या जुळ्या भावांना वेगळं केलं, ते काम बारा तासांच्या घरात चाललं आणि वर्तमानपत्रांत आलं. बाकीचं रोजचं काम छापून येत नाही. पण भुलीचा प्रश्न त्या रोजच्या कामातलाच आहे.

‘भूल’ हा आपला शब्द फार ऐसपैस आहे. त्याच्या पोटात तीन वेगळी कामं दडलेली आहेत: मेंदूला झोपवणं, दुखण्याची वर्दी अडवणं आणि स्नायू सैल करणं. मुलांना मास्कमधून देतात तो सेव्होफ्लुरेन वायू पहिलं काम झकास करतो. दुसरं त्याला तितकंसं जमत नाही. मूल गाढ झोपलेलं असतं, पण पोटावर सुरी फिरताच मॉनिटरवर नाडी पळायला लागते, रक्तदाब चढतो, रक्तात ताणाची संप्रेरकं वाढतात. ते थांबवायचं तर दोन रस्ते. वायू आणि फेंटॅनिल-मॉर्फिनसारखी औषधं वाढवत जाऊन मेंदूच इतका दाबायचा की वर्दी पोचूनही उपयोग नाही. किंवा ज्या नसांवरून वर्दी जाते त्या वाटेतच बधिर करायच्या आणि मेंदूला फक्त झोपेपुरती भूल द्यायची. जोडभूल म्हणजे हा दुसरा रस्ता.

कल्पना जुनी आहे. क्लीव्हलंडचे सर्जन जॉर्ज क्राइल १९१० नंतरच्या दशकात हेच सांगत होते, की झोपलेल्या रोग्याची जखमसुद्धा मेंदूला धक्के देत राहते, म्हणून हलकी झोप द्या आणि जखमेच्या जागी वेगळं बधिर करा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे जॉन लंडी यांनी १९२६ मध्ये, म्हणजे केईएम उघडलं त्याच वर्षी, थोडं-थोडं करून अनेक औषधं एकत्र वापरण्याला ‘संतुलित भूल’ असं नाव दिलं. मुलांपुरतं बोलायचं तर कमरेतली भूल मोठ्यांकडून उतरत उतरत मुलांपर्यंत आली असा आपला समज असतो, तोही चूकच. ऑगस्ट बिअरनी १८९८ मध्ये जर्मनीत पाठीच्या मणक्यात कोकेन देऊन पहिली स्पायनल भूल दिली, तेव्हाच्या त्यांच्या पहिल्या मोजक्या रोग्यांत मुलंही होती. १९०९ मध्ये लंडनच्या टिरेल ग्रे यांनी तान्ह्या बाळांना आणि मुलांना दिलेल्या स्पायनलची मोठी मालिका प्रसिद्ध केली. माकडहाडाजवळच्या फटीतून द्यायची कॉडल भूल १९०१ मध्ये पॅरिसमध्ये दोघांनी स्वतंत्रपणे शोधली आणि १९३३ मध्ये मेरेडिथ कॅम्पबेल ती मुलांना मूत्रमार्गाच्या तपासणीसाठी देत होते. त्या काळात याचं कारण उघड होतं. ईथर आणि क्लोरोफॉर्म मुलांना सोसत नसत. १८४८ मध्ये इंग्लंडात पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली गेली, तेव्हापासून त्या औषधाचा धाक होता. आपल्याकडे १८८८ आणि १८८९ मध्ये निजामाच्या पैशानं हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले आणि त्यांनी हृदयाला धोका नाही असा निर्वाळा दिला. तो निर्वाळा पुढे चुकीचा ठरला.

मग मधे काही दशकं ही विद्या मुलांच्या बाबतीत जवळजवळ विसरली गेली. श्वासनलिकेत नळी घालणं सोपं झालं, स्नायू शिथिल करणारी औषधं आली. लिव्हरपूलच्या जॅक्सन रीस यांनी १९५० मध्ये तान्ह्या मुलांसाठी सुधारलेली श्वासाची पिशवी आजही परळच्या कुठल्याही बाल-ओटीत (ऑपरेशन थिएटरात) भिंतीला लटकलेली दिसेल. मूल हलत नाही, श्वास आपण देतोय, मग दुखतंय की नाही याची चौकशी कुणी करायची? नवजात बाळांच्या नसा कच्च्या असतात, त्यांना दुखणं कळतच नाही, ही समजूत तेव्हा पाठ्यपुस्तकी होती. त्यामुळे कित्येक बाळांची ऑपरेशनं स्नायू शिथिल करून आणि नावापुरती भूल देऊन झाली.

हा समज मोडणारा माणूस इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेला होता. कंवलजित आनंद ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले आणि १९८७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याच्या ऑपरेशनात निम्म्या बाळांना नेहमीच्या भुलीसोबत फेंटॅनिल दिलं, निम्म्यांना दिलं नाही. न दिलेल्या बाळांत ताणाची संप्रेरकं कितीतरी चढली आणि ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीही जास्त झाल्या. बाळाला दुखतं हे प्रत्येक आजीला माहीत होतं. वैद्यकशास्त्राला ते पटायला १९८७ साल उजाडावं लागलं.

आता आतड्याकडे वळू, कारण जोडभुलीचा खरा पक्ष तिथे उभा राहतो.

ऑपरेशननंतर राउंडला आलेले सर्जन आईला पहिला प्रश्न विचारतात तो ताप आला का किंवा रडतो का असा नसतो. “गॅस सरला का? शी झाली का?” आतडं हाताळलं की ते रुसतं. त्याची हालचाल थांबते, पोट फुगतं, हिरवी उलटी होते, नाकातली नळी वाहत राहते आणि दूध लांबणीवर पडतं. या रुसव्याला दोन गोष्टी खतपाणी घालतात. एक, दुखण्यामुळे आणि सुरीच्या घावामुळे चेतणाऱ्या सहानुभावी नसा. या नसा आतड्याचा ब्रेक आहेत. दुसरी, दुखणं थांबवायला दिलेलं मॉर्फिन किंवा फेंटॅनिल. ही औषधं मेंदूवर काम करतात तशीच आतड्याच्या भिंतीतल्या ग्राहींवरही (रिसेप्टर्सवरही) करतात आणि आतडं आणखी लुळं पडतं. तान्ह्या बाळात तर ती श्वासही मंद करतात, मग व्हेंटिलेटरची नळी काढता येत नाही. दुखणं थांबवावं तर आतडं झोपतं, न थांबवावं तरी झोपतं.

कमरेतली भूल इथं कामाला येते. एपिड्युरलमधून, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीतून, दिलेलं बुपिव्हॅकेन हे बधिर करणारं औषध दुखण्याची वाट अडवतं आणि त्याच जागी सहानुभावी ब्रेकही सैल करतं. आतड्याला चालवणारी व्हेगस नस मेंदूतून वेगळ्या वाटेनं येते, ती शाबूत राहते. म्हणजे वरून मूल झोपलेलं, खाली आतड्याचा ब्रेक सुटलेला. मोठ्या माणसांत हे बऱ्यापैकी सिद्ध झालं आहे: पोटाच्या ऑपरेशननंतर एपिड्युरलमधून बधिर करणारं औषध मिळालेल्यांचं पोट मॉर्फिनवाल्यांपेक्षा लवकर चालू होतं, असा कोक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. मुलांमधला पुरावा तुटपुंजा आहे. इस्रायलमधल्या हैफाच्या एका गटानं २०१२ मध्ये आतड्याचं ऑपरेशन झालेल्या तान्ह्या बाळांत स्पायनल आणि एपिड्युरल एकत्र देऊन तुलना केली, तेव्हा त्यांची आतडी पूर्ण भुलीच्या गटापेक्षा लवकर चालू झाली. अभ्यास चांगला, पण लहान. मुलांच्या भुलीत ‘हजारो बाळांवर सिद्ध’ असं क्वचितच असतं. आईबाप आपलं बाळ चिठ्ठी टाकून ठरवलेल्या गटात द्यायला सहसा तयार होत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही.

एक फायदा मात्र आकड्यांच्या तक्त्यात फारसा दिसत नाही, पण मुंबईत तो सर्वांत मोठा आहे. आतडं जोडलेल्या नवजात बाळाला फेंटॅनिल कमी लागलं, तर त्याची नळी कित्येकदा ओटीतच निघते. नळी निघाली की नवजात अतिदक्षता विभागातला एक व्हेंटिलेटर मोकळा राहतो. सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात त्या एका व्हेंटिलेटरसाठी किती फोन होतात, हे तिथं रात्रपाळी केलेल्या कुणालाही विचारावं.

दुसरं कारणही अस्सल देशी आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं मॉर्फिन ठेवणं इतकं किचकट केलं, की लहान गावांतल्या रुग्णालयांनी तो नादच सोडला. २०१४ मध्ये कायदा बदलला आणि अत्यावश्यक वेदनाशामकांसाठी वाट थोडी सुकर झाली, तरी तालुक्याच्या ठिकाणी मॉर्फिन मिळेलच याची खात्री अजूनही नाही. बुपिव्हॅकेनला असला परवाना लागत नाही. स्वस्तही आहे, आणि सीझरची सोय असलेल्या जवळजवळ प्रत्येक ओटीच्या कपाटात ते असतंच. श्रीमंत देशांत जोडभुलीकडे मॉर्फिन वाचवायची युक्ती म्हणून बघतात. आपल्याकडे अनेक ठिकाणी मॉर्फिन मुळातच नसतं.

मुलांतली नेहमीची कमरेतली भूल, म्हणजे कॉडल, प्रत्यक्षात कशी देतात ते सांगते, कारण भीती बहुतेक त्या न दिसणाऱ्या दोन मिनिटांची असते. मूल आधी मास्कवर झोपतं, सलाइन लागतं, श्वासाची नळी बसते. मग त्याला डाव्या कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घेतात. माकडहाडाच्या वर, दोन्ही बाजूंना बोटाला लागणाऱ्या हाडाच्या दोन टोकांमध्ये एक फट असते. मोठ्यांत ती चरबीत आणि हाडात हरवते, मुलांत बोटाखाली स्पष्ट लागते. सुई आत जाताना पडद्यातून गेल्याचा एक हलका ‘टप्प’ हाताला कळतो. मागे ओढून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येत नाही हे बघायचं, थोडं औषध देऊन मॉनिटरवर नजर ठेवायची, मग बाकीचं हळूहळू. मूल झोपलेलं असल्यानं ‘कानात घूं होतंय’ असं सांगू शकत नाही. औषध चुकून रक्तात गेलं तर पहिली खूण मॉनिटरवरच दिसते.

मोजमाप इथं जीव की प्राण. आर्मिटेज नावाच्या इंग्रज भूलतज्ज्ञानं १९७९ मध्ये दिलेलं गणित आजही पाठ करवून घेतात: मांड्यांमधल्या भागासाठी किलोमागे अर्धा मिलिलिटर, जांघेपर्यंत एक, पोटाच्या मध्यापर्यंत सव्वा. आता त्याची दुसरी बाजू बघा. ०.२५ टक्के बुपिव्हॅकेनच्या एका मिलिलिटरमध्ये अडीच मिलिग्रॅम औषध असतं आणि एका वेळची मर्यादाही किलोमागे अडीच मिलिग्रॅमच. म्हणजे दहा किलोच्या मुलाला दहा मिलिलिटर देताच आपण मर्यादेवर पोचतो. सव्वापट दिलं तर ती ओलांडतो. म्हणून वरच्या पातळीसाठी औषध पातळ करायचं, ०.२ टक्के किंवा त्याहून कमी. गणित चौथीचं आहे. तरी अमेरिकेतल्या मोठ्या नोंदवहीतल्या १८ हजारांहून जास्त कॉडल २०१५ मध्ये तपासल्या, तेव्हा जवळपास चौथ्या हिश्श्याच्या मुलांना धोकादायक ठरू शकेल इतका डोस गेलेला आढळला. नवजात बाळात तर हे औषध बांधून ठेवणारं प्रथिन कमी आणि यकृत कोवळं, म्हणून सतत देताना तासाला किलोमागे ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा आणि साधारण दोन दिवसांत थांबणं. डोस अंगावर आला तर वीस टक्के स्निग्ध द्रवाची बाटली जीव वाचवू शकते. ती ओटीत नसेल, तर कमरेतली भूल देऊ नये असं माझं मत आहे.

एकदा टोचलेली कॉडल चार ते सहा तास चालते; क्लोनिडिनसारखं औषध मिसळलं तर आणखी काही तास. गुदमार्गाच्या लहानसहान कामाला ती पुरते. हर्शस्प्रंगच्या आजाराचं मूल घ्या. पाच हजारांत साधारण एका बाळात आतड्याच्या शेवटच्या भागातल्या चेतापेशी तयारच होत नाहीत, तो भाग आवळलेला राहतो आणि वरचं आतडं फुगतं. कोपनहेगनच्या हर्शस्प्रंगनी हे १८८६ मध्ये मांडलं, बोस्टनच्या स्वेन्सननी १९४८ मध्ये त्यावर ऑपरेशन शोधलं, आणि १९९८ मध्ये मेक्सिकोतून पोट न उघडता गुदमार्गातून आतडं ओढून घेण्याची रीत आली. वाटच खालची असल्यानं कॉडल या ऑपरेशनाला जणू बेतूनच शिवलेली. पण पोट मधोमध उघडायचं असेल, टाटात पोटातली गाठ काढताना उघडावं लागतं तसं, तर छातीच्या मणक्यांपर्यंत बधिरपणा हवा आणि तो दोन-तीन दिवस टिकायला हवा.

तिथे डर्बनच्या आद्रियान बोझेनबर्ग यांची १९८८ ची युक्ती कामाला येते. तान्ह्या बाळाच्या मणक्याच्या पोकळीतली चरबी मऊ जेलीसारखी असते, त्यामुळे कॉडलच्या फटीतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घातली तर ती सरकत छातीपर्यंत जाऊ शकते. सुई मज्जारज्जूपासून दूर खालीच राहते. ही गोष्ट महत्त्वाची, कारण नवजात बाळाचा मज्जारज्जू मोठ्यांपेक्षा दोन मणके खाली उतरलेला असतो. मात्र कॅथेटरचं तोंड बाळाच्या शीच्या जागेपासून चार बोटांवर येतं, आणि आतडं ओढून बसवलेल्या बाळाला पुढचे कित्येक दिवस दिवसातून दहा-दहा वेळा शी होते. डॉक्टर कातडीखालून बोगदा करून कॅथेटर बाजूला काढतात, वर पारदर्शक पट्टी लावतात. तरी दुसऱ्या रात्री ती पट्टी कुणी बदलायची आणि किती वेळा, हा प्रश्न उरतोच.

आणखी एक पेच आहे. ज्या बाळांना कॉडलचा सर्वांत मोठा फायदा व्हावा, त्यांच्यातच ती धोक्याची असू शकते. शीची जागा बंद घेऊन जन्मलेल्या बाळांत माकडहाड अर्धवट असणं किंवा मज्जारज्जू खाली चिकटलेला असणं दुर्मीळ नाही. तीन-चार महिन्यांपर्यंत मणक्याची मागची हाडं पक्की झालेली नसतात, तोवर साध्या सोनोग्राफीत मज्जारज्जू कुठे संपतो ते दिसतं. या बाळांत सोनोग्राफी झाल्याशिवाय कमरेला सुई लावूच नये. कातडीवर केसांचा झुबका, खळगा किंवा लाल डाग दिसला तर तो भूलतज्ज्ञाला दाखवावा; आई बाळाला तेल लावते, तिला तो डॉक्टरांच्या आधी दिसलेला असतो. रक्त न गोठण्याची तक्रार, रक्तातला जंतुसंसर्ग आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं आतडं सडत जाण्याचा आजार, इथेही जोडभूल बाजूला ठेवलेली बरी.

झोपलेल्या मुलाच्या मणक्यात सुई घालायची म्हणजे नस दुखावली तर ते ओरडणार कसं, हा आक्षेप मोठ्यांच्या भूलतज्ज्ञांकडून वर्षानुवर्षं येत होता. आक्षेप तर्काला धरून आहे. आकडे मात्र त्याच्या बाजूनं नाहीत. फ्रेंच भाषक देशांच्या २०१० च्या नोंदणीत नसा बधिर करण्याच्या ३१,१३२ इंजेक्शनांपैकी (ब्लॉकपैकी) बहुतेक भुलीखाली दिलेले होते आणि गुंतागुंत हजारी एकाच्या थोडी वर राहिली. ब्रिटनच्या २००७ च्या पाहणीत १०,६३३ एपिड्युरलमध्ये पाच गंभीर प्रकार झाले आणि त्यातल्या एका मुलाला वर्षानंतरही त्रास उरला होता. अमेरिकेच्या नोंदवहीत २०१८ पर्यंत एक लाखाहून जास्त ब्लॉक जमले होते आणि त्यांत नसेला कायमची इजा झाल्याची एकही नोंद नव्हती. २०१५ मध्ये युरोप-अमेरिकेच्या संस्थांनी मिळून सांगून टाकलं, की मुलांना भुलीखाली ब्लॉक देणं हीच योग्य पद्धत आहे. धडपडणाऱ्या, रडणाऱ्या मुलाच्या पाठीत सुई घालणं हाच जास्त धोक्याचा पर्याय.

सर्जनांचा आक्षेप वेगळा आहे. आतड्याचा जोड सुटला, पोटात गळती झाली, तर एपिड्युरल ते दुखणं झाकून टाकेल. भीती खरी आहे. पण पातळ औषधाखाली पोटातला मोठा बिघाड बहुधा पूर्ण झाकला जात नाही. एकाएकी वाढलेलं दुखणं, चढती नाडी, ताणलेलं पोट यांचा अर्थ लावणारा माणूस मात्र खाटेशी हवा. वादाची गाठ माझ्या मते इथेच आहे आणि ती ओटीच्या बाहेरची आहे.

मेंदूची भीती अलीकडची. प्राण्यांवरच्या प्रयोगांत भुलीच्या वायूंनी कोवळ्या मेंदूच्या पेशी मरताना दिसल्या आणि डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार भूल देण्याबद्दल इशारा दिला. दुसऱ्या बाजूला सात देशांतल्या ७२२ बाळांवर हर्नियाच्या ऑपरेशनाचा मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना जागेपणी कमरेतली भूल, निम्म्यांना सेव्होफ्लुरेन, तोही साधारण तासाभराचा. २०१९ मध्ये पाच वर्षांची झालेली ती मुलं तपासली, तेव्हा दोन्ही गटांचा बुद्ध्यांक सारखाच, ९९ च्या आसपास. हा निकाल आईबापांना सांगून धीर देता येतो, पण त्यातली मेख लपवू नये: आतड्याचं ऑपरेशन तासाभरात संपत नाही. जोडभुलीनं वायूचा डोस कमी होतो हे नक्की. त्यानं मेंदू वाचतो का, हे अजून कुणी दाखवलेलं नाही. म्हणून ‘मेंदूसाठी कमरेत टोचतोय’ असं सांगणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवताना थोडं थांबावं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनांनी खेळ पुन्हा बदलला आहे. पोटावर तीन छोटी छिद्रं असतील तर एपिड्युरल म्हणजे माशी मारायला तोफ. सोनोग्राफीवर बघून पोटाच्या भिंतीतल्या थरांत औषध सोडायचे ब्लॉक आता सर्रास होतात. आयर्लंडमधल्या २०१० च्या चाचणीत उघड्या अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर त्यांनी मॉर्फिन वाचवलं. ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या चाचणीत दुर्बिणीच्या अपेंडिक्सला त्यांचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. तसंच व्हायचं, कारण हे ब्लॉक कातडी आणि स्नायू बधिर करतात, आतड्याचा मुरडा त्यांना कळत नाही. तो मुरडा दुसऱ्या नसांवरून जातो. नवजात बाळांच्या आतड्याच्या शस्त्रक्रियेसाठी २०२० मध्ये जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आली, तिचाही भर एका औषधावर नाही: नियमित पॅरासिटामॉल, शक्य तिथे ब्लॉक, मॉर्फिन लागेल तेवढंच, आणि दूध लवकर, शक्यतो आईचं.

आता रात्रीबद्दल. मी शिकाऊ असताना मुंबईतल्याच एका रुग्णालयात, नाव सांगत नाही, एका दीड वर्षाच्या मुलाला आम्ही छातीपर्यंत नेलेली कॅथेटर ठेवली. ओटीत काम इतकं सुरेख झालं की सर्जननी पाठ थोपटली. मध्यरात्रीच्या सुमाराला पंपाची जोडणी सुटली. पंप शहाण्यासारखा चालू राहिला आणि औषध गादीत मुरत राहिलं. मूल पहाटेपर्यंत रडलं. फायलीत नोंद होती: ‘भुकेनं रडतो, एनबीएम’, म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही. वॉर्डात एकच सिस्टर होती आणि तिच्याकडे खाटांची एक अख्खी रांग. तिची चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही. कॅथेटर ठेवून वॉर्डाला न शिकवता घरी गेलेल्यांची होती, आणि त्यांच्यात मीही होते.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. मुलांच्या आतड्याच्या ऑपरेशनात जोडभूल हीच नेहमीची रीत असावी, आणि तिचं नेहमीचं रूप म्हणजे एकदाच टोचलेली कॉडल, सोबत पॅरासिटामॉल. कॅथेटर ही चैन आहे. पैशानं ती परवडते, माणसांअभावी परवडत नाही. दर तासाला श्वास मोजणारं, चेहरा-पाय-रडणं बघून दुखण्याला गुण देणारं, पाय लुळे पडलेत का ते तपासणारं, पट्टी उचलून बघणारं कुणीतरी असेल तिथंच ती ठेवावी. टाटासारख्या ठिकाणी वेदनाचिकित्सेची स्वतंत्र व्यवस्था आहे. तिथं गाठीच्या मोठ्या ऑपरेशननंतर मूल तीन दिवस एपिड्युरलवर निवांत राहू शकतं आणि त्याचे आईबाप दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत रात्री थोडे तरी झोपू शकतात. तशी व्यवस्था नसलेल्या रुग्णालयानं कॅथेटर ठेवण्याची हौस करू नये, भूलतज्ज्ञाचा हात कितीही सफाईचा असला तरी.

आजीला उत्तर असं आहे: झोप मेंदूसाठी, कमरेतली सुई पोटासाठी. दोन्ही जोडीनं दिल्या की झोपेचं औषध कमी लागतं आणि नातू लवकर दुधावर येतो.

आणि आईबापांना एक विनंती. संमतिपत्रावर सही करण्याआधी सर्जनशी बोलता तसं पाच मिनिटं भूलतज्ज्ञाशीही बोला. बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं का, घरात कुणाचं रक्त लवकर थांबत नाही का, कमरेवर खळगा आहे का, शेवटचं दूध नेमकं किती वाजता पाजलं, हे न विचारता सांगा. मग तुम्ही एकच विचारा: “कॅथेटर ठेवणार असाल, तर रात्री दोन वाजता याच्याकडे कोण बघणार?” उत्तर देताना समोरचा अडखळला, तर एकदाच टोचायची कॉडल घ्या आणि कॅथेटर राहू द्या.